नदीची कापणी

"लवकर ओढतेस!" पलीकडच्या काठावरून एडगर ट्रॅस्क ओरडला. "साखळीला तळाशी बसू तरी दे. मांजराची शेपटी आहे का ती?"

"मग तू वेळेवर सोड की दोर!" मेरियलनं पाय रोवले. "नुसता धरून बसतोस."

"मी लहानपणापासून धरतोय, बाई."

"तेच म्हणतेय मी. सवय लागलीय."

तो हसला आणि त्यानं दोर ढिला सोडला. मेरियलनं ओढला तशी पाण्याखालची विळ्यांची साखळी सरकत तिच्या बाजूला आली. पाणगवताचा एक मोठा झुपका बुडख्यापासून सुटला आणि वर उमललेल्या पांढऱ्या फुलांसकट सावकाश खाली वाहत गेला. मग तिनं सोडला, त्यानं ओढला. दोघं दोन काठांनी एकेक पाऊल वरच्या अंगाला सरकत होते.

एमर नदी इथे काही मोठी नाही. एका काठावरून टाकलेला पावाचा तुकडा दुसऱ्या काठाजवळच्या बदकाला मिळतो. पण जून आला की हे एवढंसं पात्र गवतानं तट्ट फुगतं, पाणी काठाला टेकतं, आणि मग उगमापासून संगमापर्यंत सगळे एकाच आठवड्यात कापणी करतात. एकाच आठवड्यात, कारण कापलेलं गवत वाहत जातं. वरच्याचं आलेलं आपण पुढे ढकलायचं, आपलं त्यात घालायचं, खालच्यानं ते पुढे द्यायचं. ज्याच्या दारात ते अडून राहतं त्याच्याबद्दल पबमध्ये वर्षभर बोललं जातं.

एडगर सगळं कापू देत नसे. मध्ये मध्ये आडवे पट्टे राखायचे, म्हणजे त्यांच्यामागे पाणी थांबतं आणि ट्राउट माशांना सावली मिळते. कुठला पट्टा राखायचा हे तो हात वर करून सांगे, आणि मेरियल साखळी उचलून धरे. गावातलं पोस्ट चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं, पण टपालाबद्दल तो कधी काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. बोलायचा तो नदीबद्दल.

"थंड लागतंय?" त्यानं विचारलं.

"पाय माझेच आहेत का याची खात्री नाही."

"गेल्या हिवाळ्यातला पाऊस आहे तो. टेकड्यांच्या खडूच्या दगडात मुरला, महिनोन्महिने झिरपत राहिला आणि आज इथे पोहोचला. तुझ्या पायांसाठी केवढा प्रवास केलाय त्यानं, आणि तू कुरकुरतेस."

सकाळभरात तो दोनदा थांबला. काठावर उकिडवा बसून पाण्याकडे बघत राहिला. तिला वाटलं माश्या बघतोय. कापणीच्या दिवसांत पाण्यावर एकच दिवस जगणाऱ्या नाजूक माश्यांचे थवे उठत, आणि तो त्यांच्यापुढे कामधाम विसरे. ती दोर धरून उभी राहिली आणि तिनं हाक मारली नाही.

दुपारी पाणचक्कीच्या भिंतीला टेकून दोघांनी पाव, चीज आणि व्हिनेगरमधला कांदा खाल्ला. चक्की युद्धानंतर कधी फिरली नव्हती. चाक केव्हाच भंगारात गेलं होतं. उरली होती ती पाणी अडवणारी लाकडी दारं, त्यांच्यामागचा चाकाचा खोल खड्डा, त्या खड्ड्याच्या तोंडाला बसवलेले लोखंडी गज, आणि वरच्या खोल्यांमध्ये राहणारा एडगर.

कॉलिन बास्टेबल कुरणातून येऊन दारांवरची फळी ओलांडून अलीकडे आला. नदीपलीकडचं कुरण त्याचं होतं.

"काय गं मेरियल, बापानं यंदा मजुरी वाढवली का?"

"कांदा वाढवलाय."

"चिक्कू मेला." कॉलिननं न विचारता चहाचा फ्लास्क उघडला. "एडगर, ऐक. वरच्या जमीनदाराच्या इस्टेटीनं भाड्याची माणसं लावलीत. सगळा पट्टा एका दमात कापताहेत. उद्या सकाळी तुझ्या दारात डोंगर येणार बघ."

"येऊ दे. पुढे देऊ."

"तुंबवून नोरा गॅपरच्या स्वयंपाकघरात पाणी देऊ नकोस म्हणजे झालं. त्या वर्षी बिचारीनं चुलीखालून मासा काढला होता."

"शिजवून खाल्लाही होता," एडगर म्हणाला. "मला एक तुकडासुद्धा पाठवला नाही म्हातारीनं. तुझं गवत कधी कापतोस?"

"ऊन टिकलं तर सोमवारी. यंदा कमरेइतकं वाढलंय. असं कुरण दहा वर्षांत झालं नाही." कॉलिननं अभिमानानं पलीकडे, विलोच्या झाडांच्या रांगेमागच्या कुरणाच्या दिशेनं बघितलं, आणि एडगरनंही बघितलं.

संध्याकाळी मेरियलच्या तळहातांवर फोड आले होते. एडगरनं ते मिठाच्या पाण्यात धुवायला लावले, अंडी उकडली, आणि बातम्या लागायच्या आत पेंगायला लागला. जिना चढताना तो म्हणाला, "आज बरं ओढलंस." ती पुस्तकात बघत "हं" म्हणाली.

सकाळी ती जागी झाली ती शांततेमुळे.

पाणचक्कीत राहणाऱ्याला पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. तो भिंतींमध्येच असतो. दारांखालून पाणी निसटताना जी सततची घरघर होते तिच्यात ती लहानाची मोठी झाली होती. आज ती घरघर नव्हती. ऊन खोलीत आलेलं होतं. तिनं उशीवरून डोकं उचललं, ऐकलं, आणि मग अनवाणीच जिना उतरली.

टेबलावर त्याचा कप होता, तळाशी चहा गार झालेला. बूट जागेवर नव्हते.

दारांपाशी नदी दिसतच नव्हती. भिंतीपासून वळणावरच्या विलोंपर्यंत नुसतं हिरवं, फुलांनी भरलेलं, चालत जावं असं वाटणारं मैदान. गवतावर गवत येऊन दाबलं गेलं होतं आणि त्याच्या दाबानं दारांचे खांब करकरत होते. एडगरची गवत ढकलायची, टोकाला लोखंडी काटे असलेली लांब काठी त्या गवतात मधोमध उभी रोवलेली होती. फळीवर त्याची टोपी होती.

"डॅड!"

तिनं फळीवरून खाली चाकाच्या खड्ड्यात पाहिलं. गजांमधून बोटभर पाणी ठिबकत होतं. तिनं पुन्हा हाक मारली, आणि तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

कॉलिन रस्त्याच्या बाजूनं पळत आला. त्याच्यामागे इस्टेटीची दोन माणसं होती. आपलं गवत कुठे अडलं ते बघायला आलेली.

"एडगर कुठंय? त्याला म्हणावं, नोराच्या पायरीला पाणी लागलंय."

मेरियलनं काठीकडे बोट दाखवलं. मग टोपीकडे.

कॉलिनचा चेहरा उतरला. तो फळीवर गेला, गुडघ्यांवर बसला, गवतात खांद्यापर्यंत हात घातला, काढला.

"घरात बघितलंस? शेडमध्ये?"

"बूट नाहीत."

"अगं, मग गेला असेल कुठे तरी."

"काठी टाकून?"

नदीवरची सगळी माणसं एकच गोष्ट समजतात. कापणीच्या आठवड्यात माणूस दिसत नसेल आणि त्याची काठी गवतात उभी असेल, तर माणूस गवताखाली असतो. एमरच्या काठावर लहान मुलांना हे चालायला शिकताना सांगतात. हिरव्यावर पाय टाकायचा नाही, ती जमीन नव्हे.

"दारं पूर्ण उचलतो," इस्टेटीचा एक माणूस म्हणाला. "एका झटक्यात सगळं निघून जाईल. मग दिसेल तरी."

"हात लावू नका," मेरियल म्हणाली.

"बाई, पाणी वर चढतंय. वरच्या अंगाची घरं..."

"खाली गज आहेत. दारं उचलली तर जे काही आहे ते सगळं त्या गजांवर जाईल." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तो फळीच्या खांबाला धरून असेल तर सुटेल. आणि नसेल धरून, तरीसुद्धा. त्या गजांवर नको."

कॉलिननं दारं उचलायच्या दांड्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"आधी वरून यायचं थांबवायला पाहिजे," तो म्हणाला. मग तो वळणापर्यंत गेला, तोंडाभोवती हात धरले आणि जीव खाऊन ओरडला, "कापणी थांबवा! साखळ्या वर घ्या!"

वळणापलीकडून कुणीतरी तेच ओरडलं. मग आणखी लांबून, आणखी बारीक. कापणीच्या आठवड्यात कापणी थांबवा अशी हाक त्या नदीवर कुणी ऐकलेली नव्हती. शिव्या देत उत्तर येईल असं मेरियलला वाटलं होतं. आलं नाही. आवाज टेकड्यांकडे सरकत गेला आणि नाहीसा झाला. पण जे कापून झालं होतं ते वाटेत होतं. ते येतच राहिलं.

"काटे नका लावू," ती माणसांना म्हणाली. "हातांनी काढा."

ते काठावर पालथे पडून हातांनी गवत काढू लागले. ओलं गवत दोरासारखं असतं. एक ओढला की दहा गुंतून येतात, आणि प्रत्येक ओंजळीत जीव भरलेला. पारदर्शक झिंगे उड्या मारत होते, गोगलगायी, बोटभर मासे, वाळूच्या नळ्यांत घर करणाऱ्या अळ्या. सगळं काठावर पडून तडफडत होतं. मेरियल गुडघाभर चिखलात उभी राहून ओढत होती. तळहातांचे फोड फुटले होते. ओढता ओढता ती मनातल्या मनात कुठल्याशा जुन्या कवितेच्या ओळी जुळवायचा प्रयत्न करत होती, कारण मन मोकळं ठेवलं तर ते खाली बघत होतं. गावात सगळ्यांना वाटायचं की ही दर जूनला शहरातलं पुस्तकांचं दुकान सोडून येते ती नदीच्या ओढीनं, बापावर गेलीय. तिनं कुणाचंच म्हणणं कधी खोडून काढलं नव्हतं.

तिच्या बोटांना काहीतरी लागलं. जड, मऊ, कापडाचं.

"कॉलिन."

तो आला. दोघांनी मिळून धरलं. ते सहज हललं नाही, मग हललं. गवताचा एक थर उलटला आणि खालून तपकिरी रंग दिसला. एडगरचा कोट तपकिरी होता. मेरियलनं डोळे मिटले नाहीत.

पोतं निघालं. मेंढ्यांच्या खाद्याचं, चिखलानं भरलेलं, कुठूनसं वाहत आलेलं. कॉलिननं ते काठावर आपटलं आणि पाठ वळवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"माझं स्वयंपाकघर भिजलं म्हणून सांगायला आले नाही हं मी," मागून आवाज आला. नोरा गॅपर काठी टेकत उभी होती. एका हातात सपाता, पाय घोट्यापर्यंत ओले. तिचं घर चक्कीच्या वरच्या अंगाला, नदीला अगदी लागून, ओळीतलं पहिलं. "शहरात फोन केलाय. पोलीस निघालेत. येतील चहापाणी करून."

"मिसेस गॅपर, माफ करा, मी दारं उघडू देत नाहीये..."

"दिसतंय मला, आंधळी नाहीये. दगडाची फरशी आहे माझी. भिजली म्हणून मेली नाही कधी." म्हातारी गवताकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पण शेजारची तिळी पोरं आहेत गं. त्यांची आई एकटी गाद्या वर नेतेय. ते तेवढं बघा."

मेरियलनं चक्कीच्या भिंतीकडे पाहिलं. जुन्या चक्कीवाल्यांनी पुराच्या पाण्याच्या खुणा दगडात कोरून ठेवल्या होत्या. सगळ्यांत खालची खूण बुडालेली होती. तिच्यावरची, ज्या वर्षी नोराच्या चुलीखाली मासा सापडला त्या वर्षीची, विटेच्या जाडीएवढीच वर उरली होती. तिथे पाणी पोहोचलं की घरांत गुडघ्यापर्यंत जाईल, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पोरी," कॉलिन तिच्याजवळ येऊन म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. पण त्या खुणेला पाणी लागलं की मला दारं उचलावी लागतील. तू नको म्हणालीस तरी उचलीन. एडगरनंही उचलली असती."

"माहितीय."

"मग तुला आत जायचं असेल तर..."

"नाही. मी इथेच थांबणार."

ते पुन्हा हातांनी काढू लागले, आता वेगानं, आंधळेपणानं. वरून गवताचे आणखी पुंजके येऊन हलकेच धक्के देत होते. मेरियल दर काही ओंजळींनंतर भिंतीकडे बघे. पाणी चढायचं. आणखी चढायचं. ओल्या दगडाची काळी कडा खुणेच्या दिशेनं सरकत होती, आणि मग ती बघत राहिली, कारण ती सरकेना.

तिनं गवत ओढलं, पुन्हा पाहिलं. कडा तिथेच होती.

"कॉलिन. पाणी थांबलंय."

"असं कसं थांबेल? येतंय केवढं बघ की." तोही भिंतीकडे बघू लागला. इस्टेटीची माणसं थांबली. नदी वरून येत होती, खाली जात नव्हती, आणि तरी वाढत नव्हती. कॉलिनचे ओठ हलले, जणू तो काही मोजत होता. मग त्यानं मान वळवून नदीपलीकडे पाहिलं. विलोंच्या रांगेमागे त्याचं कुरण होतं, इथून न दिसणारं.

"कुरणाचं दार," तो म्हणाला.

मेरियलला क्षणभर अर्थच लागला नाही. विलोंच्या पलीकडे काठात एक जुनं छोटं दार होतं. शेकडो वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी खणलेल्या चरांना पाणी देणारं. हिवाळ्यात एडगर ते उघडायचा, कुरणावर पाणी फिरवायचा, म्हणजे थंडीतही गवताची मुळं उबेत राहत. वसंतात बंद. गवत उभं असताना त्या दाराला कोणी बोटसुद्धा लावत नाही. जूनमध्ये कुरणात पाणी सोडणारा माणूस या नदीवर जन्मलेला नाही, असंच ते सगळे धरून चालले होते. म्हणूनच तिकडे कुणी बघितलं नव्हतं.

"पाणी माझ्या गवतात जातंय," कॉलिन म्हणाला. "कुणीतरी उघडलंय ते."

कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्या दाराची किल्ली एकट्या एडगरकडे असे.

म्हणजे तो गवताखाली नव्हता. फळीवर उभं राहून त्यानं वरून येणारा तो डोंगर पाहिला होता, एकट्यानं निघणार नाही हे ओळखलं होतं, काठी तिथेच रोवली होती, आणि नोराची ओळ वाचवायला मित्राचं कुरण बुडवायला गेला होता. मेरियल फळी ओलांडून पळत सुटली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या छातीत हवा शिरत होती. तो तिथे असेल. पाय मुरगळला असेल. दार पुन्हा लावता येईना म्हणून चिडून बसला असेल. एवढा वेळ काय झोपली होतीस का म्हणेल.

विलोंच्या पुढे कुरण चकाकत होतं. कमरेइतकं गवत, आणि त्याच्या बुडाशी सगळीकडे पाणी. टिटव्या ओरडत वर घिरट्या घालत होत्या. ती पाणी उडवत पळाली.

तो दाराच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. पाय पुढे पसरलेले, बुटांवरून पाणी वाहत कुरणात जात होतं. दार पूर्ण उचललेलं होतं आणि त्याचा खिळा नीट बसवलेला होता. एक हात मांडीवर, एक छातीवर कोटाच्या आत. डोळे अर्धवट उघडे होते. पाण्यावरच्या माश्यांपैकी एक त्याच्या बाहीवर बसली होती आणि तिला उडायची घाई नव्हती.

मेरियलनं त्याचा हात हातात घेतला. तो नदीइतका गार होता. टेबलावरच्या चहासारखा, केव्हाचा गार झालेला.

कॉलिन मागून आला. आपल्या उभ्या गवतातून, त्यात पाणी आहे हे न बघता. काही पावलांवर थांबला आणि त्यानं टोपी काढली. दूरवर, विलोंपाशी, इस्टेटीची माणसं थांबली होती. पुढे येत नव्हती.

"तुझं गवत," मेरियल म्हणाली.

"गप गं." त्यानं चक्कीकडे पाहिलं. "आता दारं उचलायला सांगू?"

"हो. उचला."

तो गेला. थोड्या वेळानं चक्कीकडून जडसा आवाज आला, लाकडाचा, मग गवताचा, मग पाण्याचा. नदी एकदम श्वास सोडावा तशी वाहू लागली. खांबापाशी पाणी मंदावलं, मग त्याच्या बुटांच्या टाचा दिसू लागल्या, आणि थोड्या वेळानं दारातून येणारी धार तुटली. मेरियल ओल्या जमिनीवर त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याचा कोट नीट केला, बटण लावलं. टिटव्या खाली उतरायला लागल्या होत्या.

"डॅड," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच निघाला. "मला ही नदी आवडत नाही. कधीच आवडली नव्हती. मला गारठा सोसत नाही, चिखलाच्या वासानं डोकं दुखतं, आणि त्या माश्या मला एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, तू दर वर्षी दाखवायचास आणि मी हो हो म्हणायचे." ती थांबली. पुढचं सांगायला तिला त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. "मी तुझ्यासाठी येत होते. तू पलीकडच्या काठावर असायचास म्हणून. बाकी कशासाठीही नाही."